माणसांसह यान गुपचूप उडवता येतं का?

‘अमुक देशाने अंतराळवीर गुपचूप वर पाठवले, जगाला पत्ताच नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. यान कशासाठी गेलंय हे लपवता येतं. उड्डाण मात्र नाही. कक्षेत टिकायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. तो देणाऱ्या रॉकेटची ज्वाळा इतर देशांच्या इन्फ्रारेड (उष्णता टिपणाऱ्या) उपग्रहांना लगेच दिसते. पुढे यान साधारण दर ९० मिनिटांनी पृथ्वीभोवती फेरी मारतं, जमिनीशी रेडिओवर बोलतं. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेतल्या शिक्षकांनी आणि मुलांनी उपग्रहांचे असेच संकेत टिपून, कक्षांचं गणित मांडून सोव्हिएत संघाचा प्लेसेत्स्कचा गुप्त रॉकेट-तळ हुडकला होता!

स्वतः पाहायचं तर सूर्यास्तानंतर तासाभराने गच्चीवर जा. न लुकलुकता चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडणारा ठिपका बहुधा उपग्रह किंवा यान. दिवे मिचकावत जातं ते विमान.