ड्रिलचा जोर स्क्रूपर्यंत पोहोचतो का?

कॉर्डलेस ड्रिल घेताना नजर आधी खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांवर जाते: १८ व्होल्ट, २० व्होल्ट, ६० न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप). पण काम करताना स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत होते, फळी चिरते, ड्रिलच्या पुढे बसवलेल्या बिटचं टोक मोडतं. यातलं काहीच बहुधा व्होल्ट कमी पडल्यामुळे होत नाही. जोर बॅटरीतून निघतो आणि मोटार, गिअर, चक (बिट पकडणारा जबडा), बिट असं करत स्क्रूच्या आट्यांपर्यंत जातो. या वाटेत जो जोड सैल असेल तिथे जोर वाया जातो आणि नुकसानही तिथेच होतं. म्हणून हत्यारांचा विचार बॅटरीपासून न करता स्क्रूपासून सुरू करावा.

अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले सगळे स्क्रू एकाच जातीचे नसतात. हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये ज्या खाचेची पेटंटं मिळाली, तिच्या बाजू आत उतरत जातात. त्यामुळे बिट फिरवलं की जोराचा काही भाग बिटलाच बाहेर ढकलतो. ड्रिल मागून दाबून धरावा लागतो तो यासाठी. दुसरी जात पोझिड्राइव्ह; तिच्या खाचेच्या बाजू जवळजवळ उभ्या असतात आणि अधिकच्या चार हातांच्या मधोमध चार बारीक रेघा असतात. फिलिप्सचं बिट पोझिड्राइव्हमध्ये डुगडुगतं, तर पोझिड्राइव्हचं बिट फिलिप्समध्ये तळापर्यंत जात नाही. दोन्ही चुकांमध्ये सगळा जोर खाचेच्या कडेवर येतो आणि ती कड सोलली जाते.

बिटवर ‘पीएच’ (फिलिप्स) किंवा ‘पीझेड’ (पोझिड्राइव्ह) आणि पुढे क्रमांक कोरलेला असतो. साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या लाकडी स्क्रूंना बहुतेक वेळा २ क्रमांक लागतो, तीनच्या खालच्यांना १ आणि सहाच्या स्क्रूला ३. बिट खाचेत बसवून बोटांनी हलवून पाहावं. जाणवण्याइतकं हललं तर ते बदलावं. बिटच्या धारा गोल झाल्या असतील तर ते टाकूनच द्यावं, कारण एक झिजलेलं बिट डझनभर चांगले स्क्रू खराब करतं. निवड आपल्या हातात असेल तर सहा पाकळ्यांच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू घ्यावेत. त्यांच्या बाजू उभ्या असल्याने बिट बाहेर ढकललं जात नाही.

आता भोक. दोन फळ्या स्क्रूने जोडताना दोन वेगळ्या मापांची भोकं लागतात आणि घरगुती कामात सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी हीच. चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी वरच्या फळीत साडेचारचं भोक पाडावं, म्हणजे स्क्रू त्यातून सैल जाईल. खालच्या फळीत मऊ लाकूड असेल तर अडीचचं आणि सागवानासारखं टणक असेल तर तीनचं भोक पुरतं. वरचं भोक सैल का हवं? स्क्रूचे आटे दोन्ही फळ्यांना धरून बसले, तर प्रत्येक फेऱ्यात स्क्रू दोन्ही फळ्यांमधून सारखाच पुढे सरकतो. मध्ये राहिलेली फट मग तशीच कायम राहते, कितीही आवळा. वरच्या फळीत आटे मोकळे फिरले, तर स्क्रूचं डोकं वरची फळी खाली दाबतं आणि फट मिटते. आट्यांखेरीज वरचा थोडा भाग गुळगुळीत ठेवलेले स्क्रू याच कारणासाठी बनवतात.

खालचं भोक फळी चिरू नये म्हणून असतं. भोक न पाडता स्क्रू घातला की तो लाकडाचे तंतू बाजूला रेटत जातो. फळीच्या टोकाजवळ त्या तंतूंना मागून आधार नसतो, म्हणून चीर तिथेच पडते. टणक लाकडात आट्यांना थोडं मेण लावलं तर घर्षण लक्षात येण्याइतकं कमी होतं. पितळी स्क्रू तर थेट घालूच नयेत. त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी घालून काढावा, म्हणजे आटे कोरले जातात, आणि मग पितळी स्क्रू हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने बसवावा. पितळ मऊ असतं, ड्रिलने आवळताना त्याची मान तुटते.

ड्रिलच्या चकमागची आकड्यांची कडी म्हणजे क्लच. ठरावीक जोरानंतर आतली स्प्रिंग दबते, गोळ्या खाचेतून निसटतात आणि ‘कर्रकर्र’ आवाज करत चक थांबतं. आकडा कमीवरून सुरू करावा आणि स्क्रूचं डोकं लाकडाशी समपातळीत येईपर्यंत एकेक वाढवावा. तो आकडा सापडला की पुढचे पन्नास स्क्रू सारख्याच खोलीवर बसतात. वरच्या सरकपट्टीवर १ आणि २ असे गिअर असतात. बऱ्याच ड्रिलमध्ये पहिल्यात मिनिटाला साधारण ५०० फेऱ्यांपर्यंत वेग आणि जास्त जोर मिळतो, दुसऱ्यात १५०० ते २००० फेऱ्या. स्क्रूसाठी पहिला, बारीक भोकांसाठी दुसरा. चक फिरत असताना गिअर बदलला तर आतले दाते झिजतात.

जोराचा आकडा मनगटाच्या हिशेबातही पाहायला हवा. ६० न्यूटन-मीटरचा ड्रिल पहिल्या गिअरमध्ये असताना बिट अडकलं, तर तेवढाच जोर उलट दिशेने ड्रिलच्या अंगावर येतो. मूठ चकच्या अक्षापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर मुठीला सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोच्या वजनाइतका झटका बसतो. मनगट मुरगळायला एवढं पुरेसं आहे. बाजूची मूठ लावून हात ३० सेंटिमीटरवर नेला की तोच झटका निम्मा होतो. मोठं भोक पाडताना ती मूठ लावायचा कंटाळा करू नये.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवतो. त्याच्या आत एक जड हातोडा गोल फिरतो आणि स्प्रिंगच्या दाबाने ऐरणीला, म्हणजे बिट फिरवणाऱ्या भागाला, टेकून असतो. स्क्रूचा विरोध वाढला की हातोडा मागे सरकतो, ऐरणीवरून सुटतो आणि पुन्हा पुढे येऊन तिच्या कानावर आदळतो. असे घाव मिनिटाला तीन हजारांहून जास्त पडतात. प्रत्येक घाव क्षणभराचा असल्याने स्क्रूला मोठा जोर मिळतो, पण हाताला स्प्रिंगचा सरासरी ताणच जाणवतो. लांब स्क्रू आणि गंजलेले बोल्ट यांच्यासाठी हे हत्यार उत्तम. बारीक स्क्रूंसाठी ते वापरू नये, कारण बहुतेकांत क्लच नसतो आणि डोकं तुटेपर्यंत कळतही नाही. बिटं इम्पॅक्टसाठी बनवलेलीच घ्यावीत, साधी टणक बिटं घावांनी तडकतात. आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानांना संरक्षण हवंच.

आता बॅटरी. पहिला कॉर्डलेस ड्रिल ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये आणला, निकेल-कॅडमियमच्या सेलवर चालणारा. आज जवळजवळ सगळीकडे लिथियम-आयन सेल असतात. एका सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर सुमारे ४.२. पाच सेल एकामागोमाग जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या त्याच बॅटरीवर २० च्या वर आकडा दिसतो. म्हणजे ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट कमाल’ ही एकाच बॅटरीची दोन नावं आहेत. खरी तुलना वॉट-तासांची: १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास म्हणजे ३६, ४ अँपिअर-तास असेल तर ७२.

मोठ्या बॅटरीने ड्रिल नुसता जास्त वेळ चालत नाही, तो जास्त जोरही लावतो. तिच्यात पाच-पाच सेलच्या दोन रांगा समांतर असतात, त्यामुळे आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, निम्मा होतो. समजा एका रांगेचा रोध ०.१ ओहम आहे आणि ड्रिलने ३० अँपिअर ओढले. बॅटरीच्या आतच ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि ९० वॉटची उष्णता होते. दोन रांगा असतील तर दीड व्होल्ट आणि ४५ वॉट. गोल करवत किंवा ग्राइंडर छोट्या बॅटरीवर दमतो तो यामुळे. मात्र छताकडे हात वर करून तासभर स्क्रू मारायचे असतील तर छोटीच लावावी. जादा पाच सेलांचं वजन पाव किलोच्या आसपास असतं आणि ते खांद्याला कळतं.

वापरून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. शून्य अंशाखाली चार्ज केली तर लिथियम धातू आतल्या पट्टीवर साठतो आणि सेल कायमचा बिघडतो. ड्रिलचा वेग मंदावला की थांबावं, रिकामी बॅटरी महिनोन् महिने कपाटात ठेवू नये. बरेच दिवस लागणार नसेल तर अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवावी. सुट्या खिळ्यांच्या पिशवीत तर कधीच टाकू नये, दोन टोकं जोडली गेली की आग लागू शकते. खरेदीपूर्वी एवढं ध्यानात असावं की एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या हत्यारात बसत नाही. पहिला ड्रिल घेताना पुढची करवत आणि ग्राइंडरही आपण जवळपास ठरवूनच टाकतो.

लोखंडात भोक पाडताना वेग बिटच्या जाडीवर ठरतो. बिटची कड मिनिटाला साधारण २५ मीटर कापत जावी, असं साध्या पोलादाचं गणित आहे. त्यावरून ३ मिलिमीटरच्या बिटला सुमारे २६०० फेऱ्या, ६ ला १३००, १० ला ८०० येतात. स्टेनलेस स्टीलला याच्या निम्म्याहून कमी वेग, भरपूर दाब आणि तेल. तिथे बिट नुसतं घासत राहिलं तर पृष्ठभाग आणखी टणक होतो आणि मग काहीच कापत नाही. दहाचं भोक आधी चारचं पाडून मग मोठं करावं, कारण बिटच्या अगदी मधली कड कापत नाही, धातू नुसता रेटते. कापलेला कीस वळ्यांच्या रूपात निघत असेल तर सगळं ठीक चाललंय. भुकटी आणि किंचाळणारा आवाज म्हणजे धार गेली. बिट पलीकडे निघायच्या बेतात असताना दाब कमी करावा, कारण नेमकं तिथेच ते पत्र्याला पकडून गरगर फिरवतं. पत्रा शिकंज्यात आवळलेला असावा. हातमोजे काढून ठेवावेत, फिरतं बिट त्यांना गुंडाळून घेतं.

हाताच्या हत्यारांत सगळा प्रश्न धारेचा आणि दात्यांचा. हॅक्सॉच्या, म्हणजे धातू कापायच्या करवतीच्या, पात्याचे किमान तीन दाते एकाच वेळी धातूवर असायला हवेत, नाहीतर कड दोन दात्यांच्या मध्ये अडकून दाते तुटतात. जाड सळईला इंचाला १८ दात्यांचं पातं, पातळ नळीला ३२ चं. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर ३२ चंही पुरत नाही, म्हणून पातं आडवं तिरपं धरावं, म्हणजे कापाची लांबी वाढून तीन दाते टेकतात. पटाशीला २५ अंशांचा मुख्य उतार आणि टोकाला ३० अंशांची बारीक कड द्यावी. दगडावर घासताना पाठीमागच्या बाजूला पूर्ण रुंदीभर बारीक खर, म्हणजे वळलेल्या धातूची खरखरीत कड, येईपर्यंत थांबू नये. ही खर बोटाला जाणवते आणि तिचा अर्थ दोन्ही पृष्ठभाग कडेला येऊन मिळाले असा असतो. मग बारीक दगडावर पाठ सपाट ठेवून ती खर काढावी. अशी पटाशी मऊ लाकडाच्या टोकाकडून पातळ काप काढते आणि मागे चकचकीत पृष्ठभाग सोडते. तंतू चुरडलेले आणि पांढुरके दिसले तर पुन्हा दगडाकडे वळायचं.