ड्युअल बूट संगणकातील डिस्क पार्टिशन

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवून, सुरू करताना त्यांतली एक निवडण्याच्या सोयीला ड्युअल बूट म्हणतात. घरात ही जोडी बहुधा विंडोज आणि लिनक्सची असते. दोघींना एकाच डिस्कवर नांदायचे तर डिस्कचे भाग पाडावे लागतात. असा प्रत्येक भाग म्हणजे पार्टिशन. डिस्कच्या आत त्यासाठी कुठलीही भिंत उभी राहत नाही. ‘अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत’ अशी नोंद एका तक्त्यात होते, एवढेच (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहान कप्पा). सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखे हे प्रकरण आहे: नोंद पुसली तरी जमीन आणि तिच्यावरचे पीक जागेवरच असते, पण मालकी कुणाला सांगता येत नाही.

हा तक्ता दोन पद्धतींनी लिहिला जातो. जुनी एमबीआर पद्धत १९८३ सालच्या पीसी डॉस २.० बरोबर आली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट बूट कोडला, ६४ बाइट तक्त्याला आणि २ बाइट खुणेला मिळतात. एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. पाचवे पार्टिशन हवे असेल तर चारपैकी एकाला ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात ‘लॉजिकल’ पार्टिशने करावी लागत. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ही पद्धत साधारण २ टीबीपुढे जात नाही. संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या फर्मवेअरच्या जुन्या प्रकाराला बायोस म्हणतात, नव्याला यूईएफआय. यूईएफआयसोबतच्या जीपीटी पद्धतीत १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. विंडोज यूईएफआय मोडमध्ये जीपीटी डिस्कवरूनच सुरू होते, जुन्या बायोस मोडमध्ये एमबीआरवरूनच. त्यामुळे लिनक्सचा पेनड्राइव्हही विंडोज ज्या मोडमध्ये बसवले आहे त्याच मोडमध्ये सुरू करावा. नाहीतर दोन्ही सिस्टिम नीट बसतात, पण एका मेन्यूत कधीच येत नाहीत.

विंडोज बसवलेल्या डिस्कवर काय असते

५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १०२४ च्या. तीत पुढून पाहत गेल्यास प्रथम ईएफआय सिस्टिम पार्टिशन, म्हणजे ईएसपी लागते; सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइली त्यात असतात. त्याची फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, फॅट३२ असते, आकार १०० एमबी, कंपनीने बसवून दिलेल्या लॅपटॉपवर बरेचदा २६० एमबी. मग १६ एमबीचे राखीव पार्टिशन. त्यात फाइलसिस्टिम नसते आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते दिसतही नाही. त्यापुढे एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टिमचा सी ड्राइव्ह आणि त्याला चिकटून रिकव्हरी पार्टिशन. लहान, नाव नसलेली पार्टिशने ‘फालतू’ समजून उडवणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ईएसपी गेले की सी ड्राइव्ह शाबूत असूनही विंडोज सुरू होत नाही.

जागा काढणे

सी ड्राइव्ह आकसायचा तो विंडोजमधूनच. स्वतःच्या एनटीएफएसची खडान्खडा माहिती तिलाच असते. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचा बूट कोड चालू देणारी सोय) बदलले की ती मागितली जाण्याची शक्यता असते. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर उजवे क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीत द्यायचा असतो: १०० जीबीसाठी १०२४००.

इथे हमखास अडते. ड्राइव्हवर २०० जीबी मोकळे असूनही विंडोज कधी १५–२० जीबीच सोडायला तयार होते. कारण न हलणाऱ्या फाइली ड्राइव्हच्या मध्यावर किंवा शेवटाकडे बसलेल्या असतात: पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यास वापरायची), हायबरनेशनची फाइल (बंद होताना रॅममधला मजकूर जिच्यात लिहिला जातो ती), सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करून संगणक रीस्टार्ट केला की बहुधा वाट मोकळी होते. सुटलेली जागा ‘अनअलोकेटेड’ ठेवावी. तिचा नवा डी ड्राइव्ह करण्याचा मोह नको. लिनक्सला ती कोरीच हवी असते.

काही लॅपटॉपवर लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये (तिला सर्रास बायोसच म्हणतात) स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा रेड (RAID) मोडमध्ये असल्याचे ते लक्षण आहे. ते थेट एएचसीआय या साध्या मोडवर नेले तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असे ठरवून, मग बायोसमध्ये बदल करून, एकदा सेफ मोडमधून जाऊन यावे.

लिनक्सची पार्टिशने

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासाठी किमान २५ जीबी सांगितले जातात; रोजच्या वापराला रूट, म्हणजे सिस्टिमचे मुख्य पार्टिशन ५०–६० जीबीचे असावे. फाइलसिस्टिम बहुधा एक्स्ट४. होम, म्हणजे आपल्या फाइलींची जागा, वेगळे ठेवले तर सिस्टिम नव्याने बसवताना आपल्या फाइली आणि सेटिंग तशाच राहतात. उलट बाजूने, रूट भरून गेलेले आणि होममध्ये ४० जीबी पडून असलेले, अशी वेळही येते. १०० जीबीच्या आत जागा असेल तर दोन्ही एकत्रच बरे. स्वॅपसाठी, म्हणजे रॅमला जोड म्हणून वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी, आता स्वतंत्र पार्टिशन लागत नाही, उबुंटू १७.०४ पासून स्वॅप फाइल वापरते. मात्र हायबरनेट करायचे असेल तर रॅमएवढा स्वॅप हवा. ईएसपी नवे करू नये, आहे तेच वापरावे आणि इन्स्टॉलरमध्ये त्यापुढची ‘फॉरमॅट’ची खूण निघाली आहे याची दोनदा खात्री करावी. ग्रबला, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडायचा मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रामला, तिथे काही एमबी पुरतात. कर्नलही (लिनक्सचा गाभा) ईएसपीत ठेवणाऱ्या सिस्टिमडी-बूटसारख्या व्यवस्थेला मात्र १०० एमबी अपुरे पडतात.

नवे पार्टिशन सी आणि रिकव्हरी यांच्या मध्ये असूनही त्याला पाचवा क्रमांक मिळतो. क्रमांक तक्त्यातल्या नोंदीचा असतो, जागेचा नाही. फॉरमॅट करताना क्रमांकापेक्षा आकार आणि फाइलसिस्टिम पाहावी.

दोघींनी एकच पार्टिशन वापरताना

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोजचा गाभा पुरता बंद न होता हायबरनेट होतो आणि एनटीएफएसवरची तिची स्थिती अर्धवट लिहिलेली राहते. लिनक्स असे पार्टिशन फक्त वाचण्यापुरते उघडते. जबरदस्तीने लिहिलेच, तर पुढच्या वेळी विंडोज जुन्या आठवणीवरून काम सुरू करते आणि नव्या फाइली गायब होतात किंवा ड्राइव्ह बिघडतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करणे हाच उपाय.

सामायिक फाइलींसाठी वेगळे एनटीएफएस पार्टिशन सोयीचे पडते. लिनक्स कर्नलमध्ये ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, त्यासाठी एनटीएफएस३ ड्रायव्हर आहे. एक्सफॅटही चालते, पण त्यात जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसल्याने लिहिताना वीज गेली तर नुकसानीचा धोका जास्त. लिनक्समध्ये फाइलीच्या नावात विसर्ग-चिन्हासारखे कोलन किंवा प्रश्नचिन्ह घातले तर विंडोजला ती उघडता येत नाही. सुरू होताना कोणती पार्टिशने जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत पार्टिशनची नोंद यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या खास ओळख-क्रमांकाने, करतात. फॉरमॅट केल्यावर यूयूआयडी बदलते, आणि ‘नोफेल’ (सापडले नाही तरी पुढे जा) हा पर्याय लिहिलेला नसेल तर लिनक्स दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये अडकते.

सुरू होईनासे झाले तर

विंडोजच्या अपडेटनंतर ग्रबचा मेन्यू दिसेनासा झाला, तर लिनक्स पुसले गेले असे धरून चालू नये. बरेचदा फक्त यूईएफआयमधला बूट क्रम बदललेला असतो. उलट मेन्यूत विंडोजच नसेल, तर ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून मेन्यू पुन्हा तयार करावा लागतो. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटमध्ये जुने शिम (ग्रबच्या आधी चालणारा, सही केलेला छोटा प्रोग्राम) बाद ठरवले आणि अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्सऐवजी ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश झळकू लागला. तिथेही पार्टिशने शाबूतच होती.

चुकून पार्टिशन डिलीट झाले तर त्या डिस्कवर काहीही न लिहिता टेस्टडिस्क या प्रोग्रामने हरवलेली नोंद शोधता येते. एसएसडीवर मात्र फॉरमॅट झाले असेल तर आशा फार कमी: फॉरमॅट करताना ट्रिमची आज्ञा जाते आणि डिस्क ते सेक्टर खरोखरच रिकामे करते.

लिनक्स काढून टाकताना आधी यूईएफआयमध्ये विंडोज पहिल्या क्रमांकावर आणावे, मग पार्टिशने डिलीट करावीत. क्रम उलटा झाला तर काळ्या पडद्यावर ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट उरतो, कारण ईएसपीतला ग्रब नसलेले पार्टिशन शोधत बसतो. अशा वेळी फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून विंडोज निवडता येते. मोकळी जागा सी ला लागून उजवीकडे असेल तरच ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ उमटते. मध्ये रिकव्हरी किंवा दुसरे पार्टिशन आले तर जीपार्टेड या लिनक्समधल्या प्रोग्रामने ते सरकवावे लागते. मोठे पार्टिशन सरकवणे म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून पुन्हा लिहिणे. त्याला तास लागतात, आणि तेवढा वेळ चार्जर लावलेला ठेवावा.