पारीच्या आतला रस्सा

शांघायच्या साध्या, स्वस्त खानावळींमध्ये बांबूच्या टोपल्यांतून वाफाळते वाढले जाणारे शाओलोंगबाओ आता मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे मराठी खवय्यांनाही पाहून ठाऊक झाले आहेत. कणकेच्या पातळ पारीची ही चुणीदार पुरचुंडी चॉपस्टिकने उचलली की आतल्या वजनाने तळाशी लोंबते. ती अलगद चमच्यात ठेवून कडेला दाताने बारीक छिद्र पाडतात आणि आधी आतला गरम रस्सा ओढून घेतात. हे पाहणाऱ्या अनेकांचा समज असा होतो की, रस्सा वाफवल्यानंतर सुईने आत सोडला जात असावा. प्रत्यक्षात तो पारीत ठेवला जातो तेव्हा रस्सा नसतोच. तो चाकूने चिरता येईल असा घट्ट पदार्थ असतो. सुईच्या कल्पनेपेक्षा ही खरी रीत कितीतरी सुंदर आहे, आणि तिच्यामागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे.

शांघायच्या जियादिंग भागातील नानशियांग या गावाशी एकोणिसाव्या शतकापासून हा पदार्थ जोडला गेला आहे. त्याची मूळ कृती अशी: डुकराचे कातडे पाण्यात काही तास मंद उकळायचे, ते पाणी गाळून थंड करायचे, तयार झालेली जेली बारीक चिरायची आणि ती खिम्यात मिसळून सारण करायचे. आपल्याकडे ज्यांच्या घरी पाया शिजतो त्यांनी ही जेली पाहिलेली असते. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी भांडे तिरपे केले तरी तो ढळत नाही.

ही किमया कोलॅजेन या प्रथिनाची आहे. कातडी, हाडे, कूर्चा आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) यांना ताकद देणारे हे प्रथिन सस्तन प्राण्यांच्या शरीरात सर्वाधिक प्रमाणात आढळते. त्याची रचना उलगडण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवा, असे मला मनापासून वाटते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर क्ष-किरण टाकून मिळालेल्या चित्रांचा अभ्यास केला, १९५४ मध्ये कोलॅजेनची तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५ मध्ये ती आणखी सुधारली. कोलॅजेनच्या तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या असतात. प्रथिनाच्या साखळीचे मणी म्हणजे अमिनो आम्ले; इथे प्रत्येक साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते, कारण पिळाच्या अगदी मध्यभागी फक्त तेवढाच छोटा घटक मावतो. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच जागी प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन ही अमिनो आम्ले असतात आणि त्यांच्यामुळे पीळ ताठ राहतो.

कातडे तासन्तास उकळले की या साखळ्यांना परस्परांशी जखडणारे बंध हळूहळू तुटतात, पीळ सुटतो आणि सुट्या झालेल्या साखळ्या पाण्यात उतरतात. पाण्यात उतरलेल्या या कोलॅजेनलाच जिलेटिन म्हणतात. पाणी गरम असेपर्यंत या साखळ्या मोकळ्या वळवळत राहतात. पाणी थंड होऊ लागले की त्यांचे काही तुकडे पुन्हा एकमेकांशी पीळ घालू पाहतात; मात्र मूळची अखंड रचना त्यांना आता साधत नाही. एका साखळीचा एक तुकडा एका शेजारणीशी जुळतो, तर दुसरा तुकडा दूरच्या दुसऱ्याच साखळीशी. अशा असंख्य अर्धवट गाठींतून भांडेभर पसरलेले एकच जाळे तयार होते आणि पाणी त्यात अडकून पडते. शंभर ग्रॅम पाण्यात दोन-तीन ग्रॅम जिलेटिन असले तरी एवढे जाळे उभे राहते, म्हणजे जेलीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. या गाठी दुबळ्या हायड्रोजन बंधांनी टिकलेल्या असल्यामुळे ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास त्या सुटतात आणि जेलीचे पुन्हा पाणी होते. म्हणूनच सारण शेवटपर्यंत थंड ठेवावे लागते. शांघायच्या उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि तिथे उघड्यावर ठेवलेले सारण पारीत भरण्याआधीच पातळ होईल.

आता खरा प्रश्न येतो. जेली ३५ अंशांना वितळते, तर कणकेतला स्टार्च फुगून चिकट होण्यास ६० अंशांच्या वरचे तापमान लागते आणि ग्लूटेन या गव्हातल्या चिवट प्रथिनाचे जाळे पक्के होण्यास त्याहूनही अधिक. मग कच्च्या पारीतून रस्सा झिरपून का जात नाही? कारण दोघांना उष्णता एकाच वेळी मिळत नाही. टोपलीतली वाफ थंड पारीला टेकली की तिचे पाणी होते, आणि १०० अंशांवर एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २,२६० ज्यूल उष्णता बाहेर पडते. तेच एक ग्रॅम उकळते पाणी ३५ अंशांपर्यंत निवताना जेमतेम २७० ज्यूल देते. म्हणजे वाफ पारीच्या पृष्ठभागावर एकदम मोठी उष्णता ओतते. तिथून पुढे आत जाताना मात्र उष्णतेला कणकेतून आणि सारणातून कणाकणाने सरकावे लागते, आणि या प्रवासाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पारी सुमारे एक मिलिमीटर जाडीची आणि सारणाचा मध्य पंधरा मिलिमीटर आत धरला, तर ढोबळ मानाने हे गुणोत्तर १:२२५ येते. गोल वस्तूला सगळीकडून उष्णता मिळत असल्याने प्रत्यक्षात फरक इतका मोठा राहत नाही, तरीही पारी काही सेकंदांत तापते आणि मध्याला काही मिनिटे लागतात, एवढे निश्चित. परिणामी पारी आधी शिजून पक्की होते आणि आतली बहुतेक जेली त्यानंतर वितळते. पारीला अगदी लागून असलेला जेलीचा तुकडा लवकर पातळ होतो, म्हणून कुशल कारागीर खिमा आणि जेली नीट एकजीव करतात.

पारी लाटण्यातही हाच विचार दिसतो. मध्यभाग किंचित जाड ठेवून कडा पातळ लाटल्या जातात, कारण चुण्या एकत्र आल्यावर वरचा भाग आपोआप जाड होतो आणि रस्स्याचा भार मात्र तळाला पेलावा लागतो. ख्रिस्तोफर सेंट कॅव्हिश या शांघायमधील लेखकाने २०१५ मध्ये वजनकाटा, कात्री आणि जाडी मोजण्याचे कॅलिपर घेऊन ५२ दुकानांतील शाओलोंगबाओ तपासले होते. सारण आणि रस्सा यांच्या एकत्रित वजनाला पारीच्या जाडीने भागून त्याने प्रत्येक दुकानाला गुण दिले. कमीत कमी पारीत जास्तीत जास्त ऐवज टिकवणे हीच या कारागिरीची कसोटी आहे, आणि साध्या दुकानांतही ती मन लावून पाळली जाते. टोपली समोर आली की मात्र वेळ दवडू नये. शिजलेली पारी आतला रस्सा शोषून मऊ पडत जाते आणि थोड्या वेळाने तळाशी फाटते. दुसरीकडे रस्सा निवत जाऊन ओठांना चिकटू लागतो. त्याउलट घाई करून पुरचुंडी अख्खी तोंडात टाकली, तर टाळू भाजतो. आल्याचे बारीक काप घातलेल्या काळ्या व्हिनेगरमध्ये ती बुडवून खाण्याची पद्धत आहे. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे रस्स्यातील चरबी जिभेवर जड वाटत नाही.

कोलॅजेनचे नाव निघाले आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हाड मोडले की पाया सूप पाजावे, म्हणजे हाड लवकर जुळते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि हल्ली त्याच समजुतीला नवे वेष्टन घालून महागड्या कोलॅजेन पावडरी विकल्या जातात. खाल्लेले कोलॅजेन जसेच्या तसे हाडात किंवा त्वचेत जाऊन बसत नाही. पचनसंस्था त्याचे अमिनो आम्लांत आणि छोट्या तुकड्यांत विघटन करते, आणि पुढे त्यांचे काय करायचे हे शरीर आपल्या गरजेप्रमाणे ठरवते. शिवाय जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे प्रथिन म्हणून ते डाळ-भातापेक्षाही अपुरे आहे. चवीसाठी पाया जरूर खावा. औषध म्हणून त्यावर विसंबून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

शाकाहारी वाचकांना साहजिकच वाटेल की, जेलीसाठी चायना ग्रास वापरता येईल. येते, पण वागणूक वेगळी असते. चायना ग्रास म्हणजे समुद्री शैवालापासून काढलेले अगार. ते प्रथिन नसून कर्बोदक आहे. त्याच्या जाळ्यातील गाठी अधिक बळकट असल्याने ते सुमारे ८५ अंशांना वितळते आणि ३५ ते ४० अंशांपर्यंत निवल्यावर पुन्हा घट्ट होते. त्यामुळे सारण उघड्यावर राहिले तरी ते टिकते, ही मोठी सोय झाली. मात्र मध्यभाग ८५ अंशांच्या वर जाईपर्यंत वाफवले नाही, तर आत रस्स्याऐवजी जेलीचे तुकडेच सापडतात. आणि जास्त वेळ वाफवायचे, तर पारी फाटू नये म्हणून ती थोडी जाड लाटावी लागते.