गावकरी (गोवा)

गोव्यातील गावाची जमीन सामाईक ठेवून तिचा जमाखर्च स्वतः पाहणारी मूळ कुळांची संस्था. पोर्तुगीज अमदानीत तिला कोमुनिदाद म्हणू लागले. प्रत्येक गावकरी आपल्यापुरती स्वतंत्र असे; सामाईक कामांपुरती महालाची, म्हणजे तालुक्याची, सभा भरे. तिसवाडीत आठ, सासष्टी व बारदेशात प्रत्येकी बारा प्रमुख गावांचे गावकार, म्हणजे गावकरीचे सभासद, तिथे बसत.

उत्पत्तीविषयी एकमत नाही. सर्वांत महत्त्वाचा लेखी पुरावा म्हणजे पोर्तुगीज महसूल अधिकारी आफोन्सो मेशियाने १५२६ साली नोंदवलेला तिसवाडीच्या ३१ गावांच्या रूढींचा फोराल, म्हणजे सनद. त्यात चार माणसांनी पडीक भूमी लागवडीखाली आणली, वस्ती वाढली, पुढे राजे आले व त्यांनी कर बसवला, अशी आठवण आहे. दुसरे मत हक्काचा उगम राजांच्या दानात शोधते व त्यासाठी ताम्रपटांकडे बोट दाखवते. सह्याद्रिखंडातील परशुरामाने वसवलेल्या कुळांची कथा दोन्ही पक्ष वापरतात, पण ती बरीच उत्तरकालीन असावी. खाजणांचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींचा, पुरावा पहिल्या मताकडे अधिक झुकतो. भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारा बांध आणि त्यातील मानस, म्हणजे पाण्याचे दार, सांभाळणे एका घराच्या आवाक्यातले नव्हते, आणि दानपत्राने बांध उभा राहत नाही. स्वायत्त घटकांचा संघ म्हणून या व्यवस्थेची तुलना आजच्या मोठ्या कंपन्यांशी करता येईल; पण त्या वरचा अधिकार खाली वाटून असे घटक घडवतात. इथे घटक, म्हणजे गावकऱ्या, आधीचे आणि संघ, म्हणजे महालाची सभा, नंतरचा दिसतो. गावकरीच्या अभ्यासात हा फरक नजरेआड होऊ नये.

शेते पावणीने, म्हणजे लिलावाने, ठरावीक मुदतीसाठी दिली जात. उत्पन्नातून आधी सरकारी फोर, म्हणजे जमीनसारा, मग बांधदुरुस्ती, देवस्थान आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च. उरलेले गावकारांत ‘जण’ म्हणून वाटले जाई. काही गावांत पुढे विकता येणारे भागही निघाले. सभेत मत वांगडाचे, म्हणजे कुळशाखेचे. ठराव कुलकर्णी लिहून ठेवी. फोरालानुसार बुडालेल्या गावाला फोर भरणे अशक्य झाले, तर चौकशीनंतर तुटीचा भार इतर गावांवर वाटला जाई. स्वायत्ततेला जोडलेली ही परस्पर जबाबदारीच या व्यवस्थेचे खरे बळ मानावे लागते.

नव्या काबिजादीतही, म्हणजे पोर्तुगिजांनी पुढे अठराव्या शतकात मिळवलेल्या महालांतही, गावकऱ्या होत्या.

१९०४ व १९६१ च्या कोमुनिदाद संहितांनी कारभार सरकारी देखरेखीखाली बांधला. १९६४ च्या कूळ कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने कसणारी कुळे, म्हणजे खंडकरी, मालक ठरली आणि पावणीचे उत्पन्न बहुतांशी आटले. आता वाद मुख्यतः उरलेल्या माळरानांवरील अतिक्रमणांचे आणि भूखंडवाटपाचे असतात.