उसाच्या एका टनात काय काय मोजायचं?

एक टन उसातून साधारण १०० किलो साखर निघते, किंवा थेट रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल. इथेनॉल जळताना सुटणारा कार्बन उसानेच हवेतून घेतलेला असतो, म्हणून त्याला हरित इंधन म्हणतात. इथवर खरं आहे. पण सरीत सोडलेल्या पाण्याचं काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. म्हणजे टनामागे दोन लाख लिटर!

आता तेच इथेनॉल साखर काढून उरलेल्या मळीपासून केलं तर? मळीला निव्वळ टाकाऊ धरलं, की पाणी, खत, डिझेल सगळं साखरेच्या खात्यावर पडतं आणि इथेनॉल जवळजवळ कोरं सुटतं. या भाराची साखर आणि मळीत किमतीच्या प्रमाणात वाटणी केली तर एक आकडा, वजनाच्या प्रमाणात केली तर दुसरा. शेत तेच, पंप तोच. म्हणून जीवनचक्र मूल्यमापनाचा, म्हणजे शेतापासून जळेपर्यंतच्या सगळ्या भाराच्या हिशोबाचा, आकडा समोर आला की मी आधी वाटणी कशी केली ते बघतो. तुलना लिटरला लिटर अशी केली असेल तर तीही फसवी, कारण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.

माणसांचं मोजमाप याहून कच्चं राहतं. ग्लोबल बायोएनर्जी पार्टनरशिप या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ मध्ये जैवऊर्जेसाठी २४ निर्देशक ठरवले: पर्यावरण, समाज आणि अर्थ, प्रत्येकी आठ. कामातून होणारी दुखापत आणि आजारपण त्यांत आहे. पण फडात, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या नावावर, हिशोब मोळ्यांच्या वजनावर. तिची पाठ, तिची पाळी कुठल्या रकान्यात येणार? बीड जिल्ह्यात सरकारी समितीने २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा आकडा कारखान्याच्या कुठल्याही ताळेबंदातून निघाला नसता. बायकांना घरोघरी जाऊन विचारलं, म्हणून तो मिळाला.

काम चुकलेल्या दिवसाला टोळीत ‘खाडा’ म्हणतात. खाड्याला पैसे कापले जातात. टनामागे किती खाडे पडले, त्यांतले किती आजारपणाचे, हे मुकादमाच्या वहीवरून काढता येईल. साखर उताऱ्याची, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली याची, नोंद कारखाना रोज ठेवतो. त्याच्याच शेजारी हा रकाना आखावा, असं मला मनापासून वाटतं.