पोहून झालं की सायकल: ॲक्वाबाइक आली कुठून?

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत; तिच्यातून धावणं वगळलं की उरते ती ॲक्वाबाइक. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानेच सायकलवर बसायचं आणि सायकलचं अंतर संपलं की शर्यत संपली. लांब पल्ल्याला साधारण ३ किलोमीटर पोहणं आणि १२० किलोमीटर सायकल असा हिशेब असतो. कुठे अंतर त्याहून कमी, कुठे थेट आयर्नमन या लांबलचक ट्रायथलॉनइतकं. गुडघा, टाच किंवा कंबर यांमुळे ज्यांचं पळणं बंद झालंय, त्यांना या प्रकाराने खेळात ठेवलं. तरीही ‘पळायचं नाही म्हणजे अर्धीच शर्यत’ असं ऐकवणारे भेटतातच. या खेळाचा इतिहास पाहिला तर या म्हणण्यात काही दम नाही.

पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र करायचे प्रयोग फ्रान्समध्ये १९२०च्या दशकातच झाले होते. पण आजच्या ट्रायथलॉनचा जन्म धरला जातो तो २५ सप्टेंबर १९७४चा, अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात, मिशन बेच्या काठावर. जॅक जॉन्स्टन आणि डॉन शॅनहन हे दोघे तिथल्या धावपटूंच्या क्लबचे सभासद. रोजच्या सरावाला जरा बदल म्हणून त्यांनी ही शर्यत ठेवली. बुधवारची संध्याकाळ, कामावरून सुटून आलेले ४६ स्पर्धक, आणि पोहणं सगळ्यात शेवटी. मागचे लोक पाण्यात असतानाच अंधार पडला, तेव्हा त्यांना काठ दिसावा म्हणून गाड्यांचे दिवे पाण्याकडे वळवावे लागले. दमलेल्या माणसाला पाण्यात उतरवणं किती जोखमीचं आहे हे वेगळं सांगायला नको. आज पोहणं पहिलं असतं, ते यासाठीच.

त्या शर्यतीत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे जोडपंही उतरलं होतं. जॉन नौदलात अधिकारी. पुढे दोघे हवाईला गेले. तिथे १९७७मध्ये एका बक्षीस समारंभात वाद पेटला: जास्त दमदार कोण, धावणारे की पोहणारे? कॉलिन्सने त्यात सायकलपटूंची बाजू मांडली. सायकलपटू एडी मर्क्सइतका प्राणवायू शरीरात खेचून घेणारा खेळाडू दुसरा नाही, असं त्याने वाचलं होतं. मग ओआहू बेटावर आधीपासून होत असलेल्या तीन शर्यती त्याने एकापुढे एक जोडल्या. वायकिकीचं ३.८ किलोमीटर समुद्री पोहणं, बेटाला फेरी मारणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. सायकलची शर्यत मुळात दोन दिवसांची होती. ती एका दिवसात बसवली आणि जिथे सायकल संपेल तिथून मॅरेथॉन सुरू व्हावी म्हणून थोडी छाटली. तेच आजच्या आयर्नमनचे १८० किलोमीटर. १८ फेब्रुवारी १९७८ला १५ जण निघाले, १२ जणांनी पूर्ण केलं. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर ही सायकलपटू एकटी बाई मैदानात होती आणि ती सगळ्यांत मिळून पाचवी आली.

म्हणजे ज्या अंतरांना आपण आज हात जोडतो, ती कुठल्या शास्त्राने ठरवलेली नाहीत. गावात जे होतं, ते जोडलं गेलं. तीनांतून एक काढून दोनाची शर्यत करणं हेही त्याच परंपरेतलं आहे, आणि मला ते पूर्ण मान्य आहे. २०१७मध्ये कॅनडातल्या पेंटिक्टनला वयोगटांसाठी लांब पल्ल्याच्या ॲक्वाबाइकचं जागतिक अजिंक्यपद ठेवलं गेलं. त्यानंतर या प्रकाराला कुणाच्या शिफारशीची गरज उरली नाही.

आता सोलापूरचं. सायकल या शहराला नवी नाही. १८७७ची जुनी मिल आणि मागून आलेल्या गिरण्या, त्यांचा भोंगा आणि पाळीला सायकलवरून निघालेले कामगार हे मागच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. रस्तेही हवे तसे आहेत. तुळजापूर जाऊन-येऊन जवळपास ९० किलोमीटर, म्हणजे अर्ध्या आयर्नमनचं सायकलचं अंतर नेमकं भरतं. तामलवाडीच्या पुढे बालाघाटाचा चढ लागतो, तिथे पायांची खरी परीक्षा. पावसाळ्यात मोहोळच्या दिशेने निघालं की समोरचा वारा. ग्रुपमध्ये आपण आळीपाळीने पुढे राहून तो कापतो, पण या शर्यतीत ती सोय नाही. पुढच्या सायकलपासून ठरलेलं अंतर, बहुतेक ठिकाणी १२ मीटर, सोडावंच लागतं. चाकाला चाक लावून गेलात तर दंडाची मिनिटं बसतात. ऑलिंपिकमध्ये २०००च्या सिडनीपासून अव्वल खेळाडूंना एकमेकांच्या आडोशाने जायला मुभा आहे, हौशी लांब पल्ल्याला नाही. त्यामुळे तुळजापूर रोडवरच्या निदान काही फेऱ्या एकट्याने माराव्यात, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

खरी अडचण पाण्याची आहे. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, तिथे ३ किलोमीटर पोहायला जागा कुठून आणायची? जिल्ह्यातली जुनी पिढी विहिरीत पोहायला शिकली. पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, मोठ्या भावाने वरून ढकलायचं, चार दिवसांत पोरगं सूर मारायला लागायचं. विहिरीने पाण्याची भीती घालवली, पण सरळ रेषेत लांब जायला नाही शिकवलं. तलावात सराव करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. २५ मीटरच्या तलावात ३ किलोमीटर म्हणजे १२० वेळा या टोकापासून त्या टोकाला जाणं, आणि दर वेळी भिंतीला पाय लावून मिळणारा धक्का. उघड्या पाण्यात भिंत नाही, तळाला काळी पट्टी नाही. दर सात-आठ हातांनी डोळे मगरीसारखे पाण्यावर काढून बोया, म्हणजे मार्गाची तरंगती खूण, बघायचा, नाहीतर शे-दोनशे मीटर फुकट जातात.

मोठं पाणी आसपास नाही असं नाही. तुळजापूर रोडचा हिप्परगा, म्हणजे एकरुख तलाव, १८७१मध्ये पुरा झाला. भीमेवरचं उजनी १९८०चं. पण दोन्ही पाणीपुरवठ्याची आणि शेतीची, खेळासाठी बांधलेली नव्हेत. परवानगी, सोबत बोट, अंगावर ठळक रंगाचा फुगा आणि काठावर जाणता माणूस, यातलं एक जरी नसलं तरी तिथे उतरू नये. म्हणून इकडचे पोहणारे समुद्र गाठतात. मालवणच्या चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिथे लाटेत श्वास घ्यायची सवय होते. गोव्यात मिरामारला २०१९च्या ऑक्टोबरात पहिली अर्धी आयर्नमन झाली आणि १.९ किलोमीटर समुद्रात पोहून ९० किलोमीटर सायकल मारायचा अनुभव सोलापूरहून एका रात्रीच्या प्रवासावर आला.

आपल्याकडच्या कोमट पाण्यात वेटसूटला, म्हणजे पोहायच्या जाड रबरी पोशाखाला, बहुधा परवानगी मिळत नाही. तो घातला की अंग वर तरंगतं आणि पाय आपोआप उचलले जातात. तो नसला तर बुडणारे पाय स्वतःच्या लाथेवर वर ठेवावे लागतात. याच पायांनी पुढे १२० किलोमीटर मारायचे असतात, म्हणून लाथ हलकी ठेवायची आणि पाणी कापायचं ते खांद्यांनी.