गप्पी मासा बावीत आला कुठून?

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही भिंतीवरची ओळ कोकणात पाठ नाही असा माणूस सापडायचा नाही. पाऊस लागला की आरोग्य केंद्राचा कर्मचारी प्लास्टिकची बरणी घेऊन वाडीत येतो, बावीत दहा-पंधरा मासे सोडतो आणि पुढच्या घराकडे वळतो. या माशाचं गप्पांशी काही नातं असावं, असं मला लहानपणी वाटायचं. प्रत्यक्षात गप्पी हे आडनाव आहे. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ च्या सुमारास हे मासे लंडनच्या संग्रहालयात पाठवले, म्हणून ते नाव चिकटलं. भारतात ते १९०८ च्या आसपास आले.

ते येण्याला कारण होतं. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले आणि डासाच्या मागे लागणं भाग पडलं. मुंबईत बेंटली या डॉक्टरांनी हिवतापाची पाहणी केली. १९११ च्या अहवालात त्यांनी बोट ठेवलं ते घराघरांतल्या विहिरींवर, कारण शहरात हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. उपाय सरळ होता: विहिरी झाका, नाहीतर बुजवा. पण विहीर ही नुसती पाण्याची सोय नव्हती, पूजेची जागाही होती. पारशी आणि हिंदू कुटुंबांनी विरोध केला. उघड्या विहिरीत अळ्या खाणारे मासे सोडणं हा अशा वेळी पटणारा मार्ग होता.

१९२८ साली इटलीहून गांबुशिया हा दुसरा अळीखाऊ मासा आला. मूळचा अमेरिकेचा. क्युबात 'गांबुसिनो' पकडणे म्हणजे हाती काहीच न लागणे, त्यावरून म्हणे हे नाव पडलं. मासा मात्र नावाप्रमाणे निरुपयोगी नाही, फार खादाड आहे. अळ्या संपल्या की बेडकांची पिल्लं, इतर माशांची अंडी, काहीही चालतं. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत तो आहे. तेव्हा हा विचार फारसा कुणी केला नाही.

मग डीडीटी हे डास मारणारं औषध आलं आणि मासे मागे पडले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात विश्वनाथन या हिवताप-तज्ज्ञांनी कारवार-धारवाड भागात घरोघर फवारणी सुरू केली. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा देशव्यापी कार्यक्रम आला. १९६५ पर्यंत रुग्ण वर्षाला एक लाखापर्यंत खाली आले, आणि १९७६ मध्ये ते पुन्हा ६४ लाखांच्या वर गेले. डास औषधाला सरावले होते.

१९७६ मध्येच इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डबक्यात एक जिवाणू सापडला, बीटीआय. त्याचे प्रथिनस्फटिक अळीने खाल्ले की तिच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतात आणि आतड्याचं अस्तर फुटतं. आपल्या पोटात आम्ल असतं, तिथे हे घडत नाही. एक अडचण उरतेच: परिणाम थोडे दिवस टिकतो, पुन्हा पुन्हा फवारावं लागतं.

गोव्यात १९८० च्या दशकात इमारतींची बांधकामं वाढली, टाक्या वाढल्या आणि हिवताप उसळला. तिथल्या संशोधकांनी बीटीआयच्या जोडीला एक देशी मासा वापरून पाहिला, अ‍ॅप्लोकायलस. बोटाच्या पेराएवढा, डोक्यावर चांदीसारखा ठिपका, पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारा. अ‍ॅनॉफिलिसची अळी पाण्याला समांतर आडवी, पृष्ठभागालाच चिकटून असते, म्हणून ती त्याच्या बरोबर तोंडाशी येते. आपल्या वहाळात याचे भाऊबंद पूर्वीपासून आहेत.

माझं मत असं की झाकलेल्या टाकीत, चिरेखाणीच्या डबक्यात गप्पी ठीक आहे. वहाळात आणि सड्यावरच्या पाणथळीत परका मासा सोडायचं काम नाही, तिथे बेडकांची पिल्लं वाढत असतात. गप्पीची गोष्टही मे महिन्यात थांबते. बाव आटते, तळाच्या चिखलात चार-पाच मासे तडफडतात, आणि जूनमध्ये ती बरणी पुन्हा वाडीत येते.